एकशे दहावी पलटण : कूत, केरेन आणि पुढं

मागच्या भागात आपण एडिंबराच्या सोळाव्या रॉयल स्कॉट्सची गोष्ट केली. नोव्हेंबर १९१४ मध्ये हार्ट्स क्लबचे फुटबॉलपटू आपणहून फौजेत गेले, त्यांच्यामागं त्यांचे चाहते गेले, आणि सर जॉर्ज मॅक्रे यांनी उभी केलेली ती पलटण १ जुलै १९१६ ला सोमच्या लढाईत उतरली. त्यातले बरेच परत आले नाहीत. फुटबॉलवर जीव टाकणाऱ्या शिवाजी पेठेला ही गोष्ट आवडणार हे ठाऊक होतंच. पण दोन दिवसांनी उभा मारुती चौकात एका काकांनी मला थांबवलं. "स्कॉटलंडचं झालं बाबा. तवा आपली पोरं कुठं हुती, ते कवा सांगणार?"

म्हणून आजचा भाग.

आधी एक गोष्ट बाजूला ठेवतो. कोल्हापूर संस्थानाची स्वतःची फौज होती, राजाराम रायफल्स. स्वातंत्र्यानंतर ती मराठा लाइट इन्फन्ट्रीत सामील झाली आणि आज ती १९ वी बटालियन आहे. तिच्यावर वेगळा भाग करावा लागेल. आज मी घेतोय ती एकशे दहावी मराठा लाइट इन्फन्ट्री. ही पेठेची पलटण नव्हे, कोल्हापूरचीही नव्हे. कोकण, सातारा, कोल्हापूर, बेळगाव, पुणे अशा पट्ट्यातून तिची भरती व्हायची. त्या काळच्या मराठा पलटणींत मराठ्यांच्या सहा कंपन्या आणि दख्खनी मुसलमानांच्या दोन असायच्या, हे पुष्कळांना माहीत नसतं.

ही पलटण निवडली कारण ती दोन्ही महायुद्धांत होती. पहिल्यात पार संपली, दुसऱ्यात नाव काढलं, आणि पुढं तिचं जे झालं ते सांगितलं तर खरं वाटणार नाही.

१९१४ च्या अखेरीस पुण्याची सहावी डिव्हिजन बसऱ्याला उतरली. पुण्याची म्हणजे नावापुरती नव्हे. तिच्यात तीन मराठा पलटणी होत्या : एकशे तीन, एकशे दहा आणि एकशे सतरा. जनरल टाउनशेंड टायग्रिस नदीच्या काठानं वर सरकत गेला, गाव पडत गेलं, आणि लंडनला बगदादची स्वप्नं पडायला लागली. नोव्हेंबर १९१५ मध्ये टेसिफोनला तुर्कांनी ती स्वप्नं मोडली. डिव्हिजन मागं फिरली आणि नदीच्या वळणात वसलेल्या कूत या गावात येऊन बसली. ७ डिसेंबरला वेढा पडला.

तो सुमारे १४५ दिवस चालला. आता हा आकडा नुसता वाचू नका. आपल्या पावसाळ्याचे चार महिने धरा आणि वर आणखी जवळजवळ एक महिना. धान्य संपत गेलं तसे घोडे आणि खेचरं कापायला सुरुवात झाली. हिंदुस्थानी शिपायांनी घोड्याचं मांस खायला आधी नकार दिला. धर्मगुरूंचे निरोप आणवले गेले, "वेढ्यात चालतं" म्हणून. एप्रिलपर्यंत बऱ्याच जणांनी खाल्लं, पण तोवर उशीर झाला होता. भाजी नाही, मांस नाही, त्यामुळं हिरड्या सडवणारा स्कर्व्ही हिंदुस्थानी पलटणींत जास्त पसरला. यावर इंग्रज अधिकाऱ्यांनी लिहिताना "धार्मिक हट्ट" असा शेरा मारलेला दिसतो. मला तो शेरा पटत नाही. ज्या माणसाला परत गावात जाऊन पंगतीला बसायचं आहे, त्याच्यासाठी तो हट्ट नव्हता. जातीबाहेर टाकलं तर पेन्शनचे चार रुपये घेऊन तो जाणार कुठं?

या वेढ्यात एक नवी गोष्ट घडली. वेढ्यातल्या फौजेला विमानातून अन्न टाकायचा प्रयत्न जगात पहिल्यांदा इथं झाला. पिठाची पोती टाकली, काही गावात पडली, काही टायग्रिसमध्ये. एकदा तर जात्याचा दगड पॅराशूटनं खाली सोडला, कारण दळायला काही उरलं नव्हतं. कूतमधल्या एकशे दहाव्या पलटणीनं आभाळातून जातं उतरताना बघितलं. हे लक्षात ठेवा, शेवटाकडं लागणार आहे.

२९ एप्रिल १९१६ ला टाउनशेंडनं शरणागती पत्करली. सुमारे १३,००० माणसं तुर्कांच्या हाती लागली. टाउनशेंडला इस्तंबूलजवळच्या एका बेटावर बंगला मिळाला. शिपायांना वाळवंटातून चालवत नेलं. रस अल ऐनकडं बगदाद रेल्वेच्या कामावर कित्येकांना जुंपलं. हजारो माणसं वाटेत आणि छावण्यांत गेली.

आता काकांच्या प्रश्नाच्या पोटात जो दुसरा प्रश्न आहे, तो. हार्ट्सचे खेळाडू आपणहून गेले. आपले आपणहून गेले का?

कागदावर, हो. हिंदुस्थानात सक्तीची भरती नव्हती, पहिल्या युद्धात नाही आणि दुसऱ्यातही नाही. दुसऱ्या महायुद्धातली २५ लाखांची हिंदी फौज ही जगातली सर्वांत मोठी स्वयंसेवी फौज होती, असं अभिमानानं सांगतात. पण १९१४ ला शिपायाचा पगार महिना ११ रुपये होता. कोरडवाहू तुकडा, तीन भाऊ, डोक्यावर सावकार, आणि गावात भरतीवाला आलेला. ह्याला स्वखुशी म्हणायचं की गरज? शाहू महाराजांनी पहिल्या युद्धात भरतीला जोर लावला. त्यामागं त्यांचा स्वतःचा हिशेब होता. शेतकऱ्याच्या पोरानं बंदूक धरली, जग बघितलं, पेन्शन आणली, की त्याला गावात कुणी खाली बसवणार नाही. १९२१ च्या नोव्हेंबरात पुण्यात श्री शिवाजी मेमोरियलची कोनशिला प्रिन्स ऑफ वेल्सच्या हस्ते बसली. त्यात पुढाकार महाराजांचाच होता, आणि मराठा शिपायांनी लढाईत जे केलं त्याच्या जोरावरच हे मागता आलं. माझं मत विचाराल तर महाराजांचा हिशेब चुकीचा नव्हता, पण त्याची किंमत कूतच्या चिखलात मोजली गेली. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत.

पलटण पुन्हा उभी केली गेली. १९२२ च्या फेररचनेत नंबर बदलले. एकशे दहावीची झाली पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीची तिसरी बटालियन. फौजी भाषेत थ्री-फाइव्ह मराठा. ठाणं बेळगाव.

मार्च १९४१. एरिट्रियातलं केरेन. इटलीची फौज डोंगरांवर बसलेली, आणि अस्माराकडं जाणारा रस्ता आणि रेल्वे दोन्ही एका अरुंद खिंडीतून. मागं हटताना इटालियनांनी खिंडीत सुरुंग लावून रस्ता गाडून टाकलेला. डावीकडं सांचिलचा डोंगर, उजवीकडं डोलोगोरोडॉक आणि त्यावर किल्ला. सह्याद्रीत वाढलेल्या माणसाला हे चित्र समजवायला नको. खाली तुम्ही, वर तो.

आणि इथं स्कॉटलंड परत येतं. सांचिलच्या बाजूची एक धार फेब्रुवारीत कॅमेरॉन हायलँडर्सनी घेतली होती, तिचं नावच कॅमेरॉन रिज पडलं. १५ मार्चला सकाळी डोलोगोरोडॉकवर दुसरी हायलँड लाइट इन्फन्ट्री चढायला लागली. दिवसाउजेडी, भर उन्हात. वरून मारा असा की त्यांना ना पुढं जाता येईना ना मागं. दगडांच्या आडोशाला पाण्याविना दिवसभर पडून राहिले. हुशार आणि कडवी पलटण, पण वेळ चुकीची.

संध्याकाळी ब्रिगेडियर मेसर्व्हीनं आपल्या नवव्या ब्रिगेडमधली थ्री-फाइव्ह मराठा पुढं काढली. कमांडर होता लेफ्टनंट कर्नल डेनिस रीड. अंधार पडता पडता मराठे पिनॅकल नावाच्या सुळक्यावर चढले आणि तो घेतला. शेजारचं पिंपल नावाचं टेकाड फ्रंटियर फोर्सच्या पठाण-पंजाब्यांनी घेतलं. रात्री प्रतिहल्ले झाले, ते परतवले. त्याच वाटेनं वेस्ट यॉर्कशायरची पलटण वर गेली आणि १६ मार्चला पहाटे किल्ला पडला. पुढचे दहा दिवस इटालियन तो परत घ्यायला पुन्हा पुन्हा आले. २७ मार्चला केरेन पडलं. ब्रिटिश-हिंदी बाजूचे पाचशेहून जास्त मेले, तीन हजारांहून जास्त जखमी झाले.

मराठा लाइट इन्फन्ट्रीची युद्धघोषणा आहे, "बोल श्री छत्रपती शिवाजी महाराज की जय". पलटणीच्या परंपरेत ती केरेनच्या चढाईशी जोडली जाते. आता बघा, पगार विलायतेच्या राजाचा आणि ओठांवर नाव शिवाजी महाराजांचं. त्याच काळात इकडं आपल्या शहरात काय चाललं होतं? १९४२ मध्ये भागीरथीबाई तांबट आणि जयाबाई हवीरे या दोन बायकांनी गव्हर्नर विल्सनचा पुतळा विद्रूप केला. १९४५ मध्ये त्याच जागी, आजच्या शिवाजी चौकात, भालजी पेंढारकरांच्या पुढाकारानं महाराजांचा पुतळा बसला. एक भाऊ विल्सनच्या सरकारच्या फौजेत आणि घरच्यांचं मन विल्सनचा पुतळा पाडणाऱ्यांकडं, अशी घरं तेव्हा कमी नसणार. आजही काही जण विचारतात, "हे तर इंग्रजांसाठी लढले, ह्यांचं कौतुक कशाला?" मी उलट विचारतो, ज्यानं पिनॅकल चढताना आरोळी ठोकली, त्याला आपण कुणाचा म्हणणार?

सगळ्याच मराठा पलटणींना केरेन मिळालं नाही, हेही सांगितलं पाहिजे. भावकीतली टू-फाइव्ह, म्हणजे "काळी पाचवी", जून १९४२ मध्ये तोब्रुकच्या तटबंदीवर होती. शेजारी पुन्हा तेच कॅमेरॉन हायलँडर्स. २० जूनला रोमेलचा सगळा घाव, विमानं आणि रणगाडे, नेमका मराठ्यांच्या फळीवर आला. काही तासांत फळी फुटली. दुसऱ्या दिवशी तोब्रुक पडलं, तीस हजारांहून जास्त लोक कैदेत गेले. कॅमेरॉन आणखी दिवसभर चिकाटीनं टिकले. त्यांच्या त्या चोवीस तासांवर इंग्रजीत भरपूर लिहिलं गेलं, आदल्या दिवशी घाव झेलणाऱ्यांवर फार कमी.

थ्री-फाइव्ह पुढं इटलीत गेली, दहाव्या हिंदी डिव्हिजनमध्ये. आणि तिचा सेनापती कोण? तोच डेनिस रीड, आता मेजर जनरल. १० जुलै १९४४. टायबर नदीचं वरचं खोरं. नाईक यशवंत घाडगे, रायगड जिल्ह्यातल्या माणगाव तालुक्यातले, वय २२. त्यांच्या सेक्शनवर मशीनगनचा मारा झाला आणि त्यांच्याखेरीज सगळे पडले, कुणी मेले, कुणी जखमी. घाडगे एकटे धावत गेले. बॉम्ब टाकून गन बंद केली, टॉमीगननं एकाला टिपलं. गोळ्या संपल्या, दुसरं मॅगझिन घालायला वेळ नव्हता, म्हणून बंदूक नळीकडून धरून उरलेल्या दोघांना दस्त्यानं ठार केलं. तेवढ्यात लपलेल्या नेमबाजांच्या गोळ्या लागल्या, आणि जिंकलेल्या मोर्च्यातच त्यांनी प्राण सोडला. व्हिक्टोरिया क्रॉस मरणोत्तर मिळाला. पुढच्या एप्रिलमध्ये वन-फाइव्हच्या नामदेव जाधवांनाही सेनिओ नदीवर तो मिळाला, आणि ते जिवंत परतले. (याच इटलीत पोलंडची फौज लढत होती, आणि वळिवड्याच्या छावणीत सुमारे ५,००० पोलिश लोक राहत होते. तो भाग आपण आधी केलाय.)

आता ते जातं. १९४६ मध्ये थ्री-फाइव्ह पॅराशूट पलटण झाली. १९४८ ला काश्मिरात झांगरच्या लढाईत होती. १९५२ मध्ये पॅराशूट रेजिमेंटमध्ये जाऊन दुसरी पॅरा झाली. ११ डिसेंबर १९७१ ला संध्याकाळी लेफ्टनंट कर्नल पन्नू यांच्या हाताखाली तिचे सुमारे सातशे जवान टांगाइलला विमानांतून उतरले, पुंगलीचा पूल धरला, आणि १६ डिसेंबरला ढाक्यात सर्वांत आधी शिरणाऱ्यांत होते. कूतमध्ये आभाळाकडं डोळे लावून बसलेल्या पलटणीचे वारस आभाळातून उतरले.

घाडग्यांचं नाव इटलीत कॅसिनोच्या स्मारकावर कोरलेलं आहे. कूतवाल्यांचं तसं नाही. बसऱ्याच्या स्मारकावर गोऱ्या शिपायांची नावं आहेत, हिंदी अधिकाऱ्यांची आहेत, पण साध्या हिंदी शिपायांचं काय? पलटणीचं नाव आणि पुढं नुसता आकडा. राष्ट्रकुल युद्धस्मारक आयोगानं २०२१ मध्ये या भेदभावाबद्दल माफी मागितली. ते स्मारकसुद्धा १९९७ मध्ये सद्दामच्या हुकुमानं बसऱ्याहून उचलून नासिरियाच्या रस्त्यावर वाळवंटात नेलं.

म्हणून एक काम सांगतो, पेठेतल्या आणि बाहेरच्याही सगळ्यांना. आजीच्या ट्रंकेत, देवघराच्या फळीवर, राजाचं डोकं असलेलं चांदीचं जाड पदक पडलं असेल. पहिल्या युद्धाची कित्येक पदकं गुजरीत चांदीच्या भावानं मोडली गेली. मोडण्याआधी त्याची कड उजेडात धरा. कडेवर बारीक इंग्रजी अक्षरांत नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण कोरलेली असते. बसऱ्याला जे नाव नाही, ते तिथं असतं. कडेचा फोटो काढून पाठवा, वाचून सांगतो. नंबरावरून पुढची माहितीही शोधता येते.