मिऱ्यांची वाट पाहिली आणि हंगाम हुकला

नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ अर्पण केल्याशिवाय आपले खारवी होडी लोटत नसत. गोव्यात आलेल्या पोर्तुगिजांनाही या दर्यापुढे मान तुकवावी लागली. लिस्बनहून मार्चच्या सुमारास सुटलेली जहाजे सप्टेंबरच्या आसपास मांडवीच्या मुखाशी पोचत. परतीला डिसेंबर-जानेवारीत निघणे शहाणपणाचे समजले जाई.

हे केवळ आपल्या मोसमी वाऱ्यांमुळे नव्हे. दुसरे कारण आफ्रिकेच्या दक्षिण टोकाशी होते. तेथील ऋतू आपल्या उलट. दक्षिण महासागरात वादळे बारमाही असतात. पण मे ते ऑगस्ट या तिथल्या हिवाळ्यात वादळांचा पट्टा उत्तरेकडे सरकतो आणि केप ऑफ गुड होपला झोडपतो. त्यातच पूर्व किनाऱ्याने नैर्ऋत्येकडे धावणारा अगुल्हास प्रवाह समोरून येणाऱ्या लाटांना भिडतो, आणि लाटा डोंगराएवढ्या होतात. उशिरा निघालेले जहाज नेमके याच वेळी तिथे पोचे.

'सांव जुआंव' या गलबताचे असेच झाले. मलबारात मिरी वेळेवर मिळेनात, म्हणून ते थांबून राहिले. अखेर ३ फेब्रुवारी १५५२ रोजी कोचीहून निघाले. माल काठोकाठ, शिडे मात्र जुनी, फाटकी. केपजवळ पश्चिमेच्या वाऱ्यांनी त्याला मागे रेटले, सुकाणू मोडले, आणि जूनमध्ये आजच्या दक्षिण आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावर त्याचे तुकडे झाले. जहाजावर शेकडो माणसे होती. त्यांत गुलामच अधिक. किनाऱ्याने पायपीट करून अखेर वाचली ती जेमतेम २५.

कप्तान मानुएल द सौझा सेपूल्वेदा, त्याची पत्नी लिओनोर आणि मुले यांचा करुण अंत पोर्तुगालभर गाजला. 'सांव बेंतु' जहाजातून १५५३ मध्ये गोव्यात उतरलेल्या लुईश द कामोंइशने १५७२ च्या आपल्या महाकाव्यात त्याला स्थान दिले. ते 'सांव बेंतु'देखील १५५४ मध्ये परतीच्या वाटेवर त्याच किनाऱ्यावर फुटले.

कामोंइशचा पुतळा जुन्या गोव्याच्या संग्रहालयात आहे. तो पाहताना मला मात्र जहाजाच्या तळाशी असलेली ती गुलाम माणसे आठवतात. मिऱ्यांचा नफा त्यांचा नव्हता, निघण्याची तारीखही त्यांनी ठरवली नव्हती. हंगाम चुकवला मालकांनी. किंमत मोजली त्यांनी.