संखेड्याचा पाळणा, लाखेचं पाणी आणि इपॉक्सीचा थर

मागे इथे बडोद्यातल्या मराठी घरांतल्या जुन्या वस्तूंचा विषय निघाला होता. दांडिया बाजार, रावपुरा, बाबाजीपुरा भागातल्या बऱ्याच घरांत संखेड्याचा झोपाळा किंवा पाळणा आहे, हे त्या वेळी लक्षात आलं. काहींनी विचारलं होतं की त्यावरचा रंग उडाला, चिरा पडल्या, तर काय करायचं? सविस्तर उत्तर लिहायचं राहिलं होतं, ते आज लिहितो.

संखेडा हे ओरसंग नदीकाठचं गाव, बडोद्यापासून साधारण पन्नास किलोमीटरच्या आतच. आपल्यापैकी बहुतेकांना ते बडोदा जिल्ह्यातलं म्हणूनच ठाऊक. 2013 साली छोटा उदेपूर जिल्हा वेगळा झाला, तेव्हापासून ते तिकडे गेलं. लाकूड कातण्याच्या चरकाला गुजरातीत संघेडुं म्हणतात आणि गावाचं नाव त्यावरूनच पडलं असं सांगतात. आपल्याकडे ज्यांना कातारी म्हणतात, ते तिथले खरादी. सागवान कातून ते पाय, दांडे, लाटू करतात आणि एकात एक बसवून अख्खी वस्तू उभी करतात.

खरी गंमत रंगात आहे. ते सोनेरी काम सोन्याचं नसतं. कथील कुटून, सरसात खलून, कुंचल्याने नक्षी काढतात. वाळल्यावर अकीक दगडाने घासलं की ती चांदीसारखी चमकते. मग तुकडा चरकावर फिरवत लाखेची कांडी दाबून धरतात. घर्षणाच्या उष्णतेने लाख वितळून चढते आणि केवड्याच्या पानाने सारखी करतात. लाखेचा रंग मुळात पिवळसर तांबूस, म्हणून खालची चांदी वरून सोनं दिसते.

फिनलंडच्या लाउरी रापाला या कोळ्याची गोष्ट वाचताना मला याचीच आठवण झाली. 1936 साली त्याने मासे पकडायला बुचाच्या लाकडाचा खोटा मासा कोरला. चमक यावी म्हणून चॉकलेटची चांदी लावली आणि पाणी शिरू नये म्हणून फोटोच्या जुन्या निगेटिव्ह वितळवून वर थर दिला. खाली धातू, वर पारदर्शक कवच! संखेड्याचा खरादी आणि तो कोळी एकमेकांना ओळखत नव्हते, पण युक्ती तीच.

असे मासे हाताने करणारे हौशी लोक आज वरून इपॉक्सीचा थर देतात. इपॉक्सी म्हणजे आपल्या अ‍ॅराल्डाइटच्या जातीची, राळ आणि हार्डनर अशा दोन भागांची. माप चुकलं तर ती चिकटच राहते. हाताचं तेल लागलेलं असेल तर तिथे थर मागे सरून खळगे पडतात. बुडबुडे राहतात, धूळ बसते, दमट हवेत वर मेणचट साय येते. दुरुस्तीची रीत ठरलेली आहे: साय पाण्याने धुवायची, बारीक पॉलिश पेपरने पाण्यात घासून चमक मोडायची, स्पिरिटने पुसायचं आणि नवा पातळ थर द्यायचा. घासणं टाळता येत नाही, कारण इपॉक्सी एकदा घट्ट झाली की पुन्हा वितळत नाही. नवा थर जुन्यात मिसळत नाही, नुसता खरखरीत पृष्ठभागाला धरून राहतो.

लाखेचं उलट आहे. लाख उष्णतेने मऊ होते, स्पिरिटमध्ये विरघळते. त्यामुळे नवी लाख जुनीत मिसळून एकच थर होतो. पाण्याने पांढुरकी झालेली जागा असो की टवका उडालेला असो, खरादी तेवढाच दांडा सोडवतो, चरकावर चढवतो, जुनी लाख खरवडतो आणि नवी देतो. वस्तू सुट्या भागांची असते याचा हा मोठा फायदा. पन्नास वर्षांचा पाळणाही पुन्हा नवा होऊ शकतो.

आता मुद्द्याचं. आमच्या नात्यातल्या एका घरी चार पिढ्यांची बारशी झालेला पाळणा होता. नातवाच्या बारशासाठी तो एका पॉलिशवाल्याकडे दिला. त्याने जुन्या लाखेवर न घासताच इपॉक्सी ओतली. आठ दिवस आरशासारखा दिसला! उन्हाळ्यात खालची लाख मऊ पडली, वरचा थर कडकच राहिला आणि पापुद्रे सुटले. त्यांच्याबरोबर कथलाची नक्षीही निघून आली. शिवाय सगळे सांधे राळेने भरलेले, त्यामुळे दांडे सुटेनात. खरादी म्हणाला, "साहेब, चरकावर चढेल तर काही करीन ना!" तो पाळणा आता माळ्यावर आहे.

इपॉक्सी वाईट नाही. पाण्यात राहायच्या वस्तूला ती उत्तम. पण लाखेच्या कामावर ती घातली की पुढच्या माणसाचा दुरुस्तीचा रस्ता बंद होतो. आयुष्यभर बँकेत हिशेब केले, म्हणून हिशेबाच्या भाषेत सांगतो: आजची चकाकी ही उचल आहे, आणि फेड नातवंडांच्या माथी बसते.

तेव्हा घरी एवढं करा. वस्तू कोरड्या मऊ फडक्याने पुसा. ऊन, गरम भांडी आणि स्पिरिट लांब ठेवा. टवका उडाला तर तुकडा जपून ठेवा, फेव्हिकॉल लावत बसू नका. मोठं काम संखेड्यालाच न्या आणि दांडे सोडवून लाख द्यायला सांगा. फार जुन्या लाल-पिवळ्या रंगांत शिसं असू शकतं, म्हणून बाळाला दांडे चोखू देऊ नका.

आपल्या आज्या-पणज्यांनी कोकणातून, देशावरून येताना पाळणे आणले नव्हते. ते इथे घेतले, इथल्या कारागिराकडून. बडोदं आपलं झालं ते असंच, एकेका वस्तूने. तुमच्याकडे असा पाळणा असेल तर फोटो टाका, आणि तो कोणाकोणाच्या बारशाला वापरला तेही लिहा. लाख पुन्हा देता येते. ही नावं मात्र आत्ताच लिहून ठेवायला हवीत.