गावकी, वाडी आणि संशोधकाची वही

ज्यांच्या आजारांचा अभ्यास करायचा त्या लोकांनाच, प्रश्न ठरवण्यापासून निष्कर्षांची चर्चा होईपर्यंत, कामात सामील करून घेण्याच्या पद्धतीला आज लोकसहभागी संशोधन म्हटले जाते. पेण आणि रोहा हे तालुके ज्या जिल्ह्यात येतात, आणि ज्याचे कुलाबा हे नाव १९८१ साली बदलून रायगड झाले, त्या जिल्ह्यात या पद्धतीचा मागोवा घेऊ गेल्यास पहिली अडचण ‘लोक’ या शब्दापाशीच येते. पेणचा खारेपाट, म्हणजे भरतीचे पाणी बांधाने अडवून लागवडीखाली आणलेली खारी जमीन, मुख्यतः आगरी शेतकऱ्यांचा; खाडीकाठी कोळीवाडे; आणि डोंगराच्या कुशीत कातकरी व ठाकर यांच्या वाड्या, ज्यांची नोंद महसुली दप्तरात गावाच्या नावाखाली होत असली तरी गावाच्या बैठकीत त्यांना क्वचितच जागा असते.

‘लोक’ म्हणजे कोण, हा प्रश्न इंग्रजी अमदानीत कोणी विचारलाच नाही. १८८३ साली प्रसिद्ध झालेल्या कुलाबा जिल्ह्याच्या गॅझेटिअरमध्ये दवाखाने, देवी टोचणे आणि जन्ममृत्यू यांचे आकडे आहेत, पण ते सरकारी यंत्रणेने वरून गोळा केलेले आहेत. १८९७ साली प्लेगच्या निमित्ताने आलेल्या साथरोग कायद्याने घरात शिरून तपासणी करण्याचा अधिकार अंमलदारांना मिळाला, आणि त्याच वर्षी वाल्देमार हाफकिन यांनी प्लेगची लस आधी स्वतःला टोचून घेऊन मग भायखळ्याच्या तुरुंगातील कैद्यांवर तिची चाचणी घेतली. कैदी स्वखुशीने पुढे आले असे नोंदले गेले आहे. तुरुंगातल्या स्वखुशीचे मोल काय, हा प्रश्न मात्र वैद्यकीय नीतिशास्त्राने बऱ्याच उशिरा हाती घेतला.

या जिल्ह्यातील खरे वळण आले ते मांडव्याला. अलिबाग तालुक्यातील हे बंदर मुंबईहून लाँचने तासाभराच्या अंतरावर, तरीही वैद्यकीय सोयींच्या बाबतीत मुंबईपासून कोसो दूर होते. जे. जे. रुग्णालयातील प्लास्टिक सर्जन डॉ. नोशिर अंतिया यांनी कुष्ठरोग्यांच्या हातांवर आणि चेहऱ्यावर वर्षानुवर्षे शस्त्रक्रिया केल्या होत्या, आणि विकृती येण्याआधीच रोग ओळखला गेला असता तर त्यातील बहुतेक शस्त्रक्रियांची गरजच पडली नसती, हे त्यांच्या ध्यानी आले होते. १९७५ साली त्यांनी ‘फाउंडेशन फॉर रिसर्च इन कम्युनिटी हेल्थ’ ही संस्था स्थापन केली आणि मांडवा परिसरातील सुमारे ३० गावांत, ३० हजारांच्या आसपास वस्तीत, एक प्रयोग उभा राहिला. जेमतेम लिहितावाचता येणाऱ्या गावातल्याच स्त्रियांना अर्धवेळ आरोग्यसेविका म्हणून शिकवले, तर आजारांपैकी किती भाग त्या गावातच हाताळू शकतात, हा त्या प्रयोगाचा विषय होता.

उत्तर अपेक्षेपेक्षा चांगले आले. बाळंतपण, लहान मुलांचे जुलाब, कुटुंबनियोजन, क्षय आणि कुष्ठरोगाचे संशयित शोधणे ही कामे या स्त्रियांनी समर्थपणे केली, आणि याचे कारण वैद्यकीय ज्ञानाइतकेच सामाजिक होते. कुष्ठरोगाचा बधिर झालेला फिकट चट्टा पाठीवर असेल तर तो परक्या पुरुष कर्मचाऱ्याला दाखवायला बाई तयार होत नाही. विहिरीवर रोज भेटणाऱ्या शेजारणीला ती तो दाखवते. पण जे शिकवल्याने लोक शहाणे होतात, तेच शिकवल्याने काहींची सत्ता कमी होते. गावाला आपल्या आरोग्याचा हिशेब मागता येऊ लागला तेव्हा स्थानिक पुढारी आणि प्रस्थापित आरोग्ययंत्रणा यांचा विरोध वाढला आणि प्रकल्प गुंडाळावा लागला. अंतिया यांनी १९८८ साली एका आंतरराष्ट्रीय नियतकालिकात या अनुभवाचा लेखाजोखा मांडला. मांडव्याला अपयश म्हणण्याचा प्रघात आहे. तो पटण्याजोगा नाही, कारण सहभाग खरा झाला की विरोध होतो, हा निष्कर्षही संशोधनाचाच होता.

कुष्ठरोगाच्या बाबतीत या भागाला आणखी एक संदर्भ आहे. पनवेलजवळ नेरे येथे कुष्ठरोग निवारण समितीचे शांतिवन दीर्घकाळ काम करीत आले आहे. कुष्ठरोगाचे सार्वजनिक आरोग्याची समस्या म्हणून राष्ट्रीय पातळीवर निर्मूलन झाल्याचे डिसेंबर २००५ मध्ये मानले गेले, म्हणजे रुग्णांचे प्रमाण दहा हजार लोकांमागे एकाहून खाली आले. त्यानंतर ‘फाउंडेशन फॉर मेडिकल रिसर्च’ या संस्थेच्या अभ्यासकांनी पनवेल तालुक्यात घरोघर पाहणी केली तेव्हा कोणत्याही नोंदीत नसलेले रुग्ण सापडले. जो दवाखान्यात आला तोच मोजला गेला, इतकाच त्याचा अर्थ.

दरम्यान नियमही झाले. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने १९८० पासून नीतिविषयक मार्गदर्शन प्रसिद्ध केले आणि २०१७ च्या आवृत्तीत समुदायाशी संवाद ठेवण्यावर भर देतानाच, समुदायाची परवानगी ही व्यक्तीच्या संमतीची जागा घेऊ शकत नाही, असे स्पष्ट केले. निरक्षर माणसाने संमतीपत्रावर अंगठा उमटवताना त्रयस्थ साक्षीदार हवा, हेही त्यातलेच. रायगडात व्यक्तीच्या संमतीचे हे कलम केवळ कागदी ठरत नाही. येथे गावकी, म्हणजे गावातील प्रमुखांची परंपरागत पंचायत, अजून बळकट आहे, आणि तिचा शब्द मोडणाऱ्या कुटुंबाला वाळीत टाकल्याच्या तक्रारी याच जिल्ह्यातून इतक्या आल्या की सामाजिक बहिष्काराविरुद्धच्या २०१६ च्या राज्य कायद्यामागे त्यांचा मोठा वाटा होता. जिथे गावकीने होकार दिल्यावर एकट्या घराला नकार देणे महाग पडते, तिथे गावकीशी केलेली भागीदारी संशोधकाला सोयीची पडते आणि गावातील दुबळ्याला गप्प करते. याच्या उलट उदाहरणही पेणचेच आहे: सप्टेंबर २००८ मध्ये महामुंबई सेझसाठी, म्हणजे विशेष आर्थिक क्षेत्रासाठी, जमीन द्यायची का यावर हेटवणे धरणाच्या लाभक्षेत्रातील २२ गावांत शासनाने मतपत्रिकेवर शेतकऱ्यांचा कौल घेतला. तो आरोग्याचा विषय नव्हता, पण एकेका माणसाला स्वतंत्रपणे ‘नको’ म्हणता येते हे त्याने दाखवले. अर्थात मत जमीनधारकाचे होते, आणि कातकऱ्याच्या नावावर सहसा जमीन नसते.

कातकरी हा महाराष्ट्रातील तीन आदिम जमातींपैकी एक समाज असला तरी रायगड जिल्हा घटनेच्या पाचव्या अनुसूचीत येत नसल्याने, अनुसूचित क्षेत्रातील ग्रामसभांना पेसा कायद्याने मिळालेले विशेष अधिकार येथील वाड्यांना लाभत नाहीत. डॅनियल बकल्स आणि राजीव खेडकर यांनी कातकऱ्यांसोबत केलेल्या कृतिसंशोधनात, म्हणजे लोकांनी स्वतः माहिती गोळा करून तिच्या आधारे स्वतःच पाऊल उचलावे अशा पद्धतीत, वाडीतल्या माणसांनी आपल्याच घरांखालील जागेची मालकी तपासली. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या पुस्तकातून अनेक वाड्या दुसऱ्याच्या सातबाऱ्यावर वसल्या आहेत हे समोर आले. ज्याचे घर कुंपण पडताच उठू शकते, त्याच्या कुपोषणाची किंवा क्षयाची पाहणी जागेचा प्रश्न बाजूला ठेवून करता येत नाही. आणि पाहणीच्या वेळापत्रकातही वाडीचा शब्द लागतो: दिवाळीनंतर कातकरी कुटुंबे वीटभट्ट्यांवर आणि कोळशाच्या भट्ट्यांवर निघून जातात ती पावसाच्या तोंडावर परततात, त्यामुळे फेब्रुवारीत आलेल्या संशोधकाच्या वहीत म्हातारी माणसे आणि मागे ठेवलेली पोरे तेवढी उतरतात.