भिंतीच्या पोकळीत काय भरावे? घराच्या उष्णतारोधनाचा इतिहास

#थ्रेड #इतिहास #वास्तुविज्ञान

१/ इ.स. १९७७. कॅनडाच्या सस्कॅचेवान प्रांतातील रेजायना शहरात एक घर उभे राहिले. हिवाळ्यात पारा उणे ३० अंशांपर्यंत उतरणाऱ्या या शहरात त्या घराला नेहमीची तापभट्टीच नव्हती. त्याच सुमारास त्याच देशात घरांच्या उष्णतारोधनासाठी सरकारी अनुदान सुरू झाले, आणि काही वर्षांतच हजारो कुटुंबे आपल्याच भिंतींना भिऊ लागली. असे का झाले?

२/ प्रथम थोडे विज्ञान. स्थिर हवा ही उष्णतेची मंद वाहक आहे. गोधडी, लोकर, कापूस, ग्लासवूल, थर्माकोल ही सारी हवेला लहान लहान कप्प्यांत कोंडून ठेवतात. उष्णतारोधकाचे मुख्य काम एवढेच. प्रश्न असतो तो हवा कोंडण्यासाठी आपण कोणता पदार्थ वापरतो याचा.

३/ विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात या प्रश्नाचे एक लोकप्रिय उत्तर होते अ‍ॅस्बेस्टॉस. ते जळत नाही, कुजत नाही आणि स्वस्तही पडते. बॉयलर, वाफेचे नळ, जहाजे, इमारती अशा सर्व ठिकाणी त्याची वेष्टने चढली. ती चढवणारे कामगार दिवसभर त्याच्या धुळीत श्वास घेत होते.

४/ १९६४ साली डॉ. अर्व्हिंग सेलिकॉफ आणि सहकाऱ्यांनी न्यूयॉर्क परिसरातील ६३२ उष्णतारोधन कामगारांचा अभ्यास प्रसिद्ध केला. सर्वसाधारण मृत्युदरानुसार फुफ्फुस व त्याच्या आवरणाच्या कर्करोगाने सहा-सात मृत्यू अपेक्षित होते. प्रत्यक्षात ४५ झाले होते. या रोगांना डोके वर काढायला २०-३० वर्षे लागतात. त्यामुळे धोका उघड होईपर्यंत एक पिढी या कामात घालवून बसली होती.

५/ ऑक्टोबर १९७३. अरब तेल उत्पादक देशांनी तेलबंदी पुकारली. पिंपामागे सुमारे ३ डॉलर असलेला भाव काही महिन्यांत १२ डॉलरच्या घरात गेला. थंड प्रदेशांतील सरकारांना अचानक जाणवले की, आपण महागडे तेल जाळून जी ऊब निर्माण करतो, ती भिंतींतून आणि फटींतून बाहेर निघून जाते.

६/ रेजायनाचे घर या जाणिवेतून जन्मले. मूळ मागणी होती सस्कॅचेवानला साजेशा ‘सौर घरा’ची. हॅरॉल्ड ऑर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गणित मांडले, तेव्हा उलगडले की तेथे उष्णता मिळवण्यापेक्षा ती गमावू न देणे अधिक शहाणपणाचे आहे.

७/ त्यांनी सुमारे एक फूट जाडीच्या, उष्णतारोधकाने भरलेल्या भिंती बांधल्या. छतावर त्याहून अधिक थर दिला. फटी कसोशीने बुजवल्या. मग कोंदटपणाचे काय? त्यासाठी बाहेर जाणाऱ्या उबदार हवेची ऊब आत येणाऱ्या थंड हवेला देणारे यंत्र बसवले. घरावर सौर यंत्रणाही होती, पण ती महागडी आणि कटकटीची ठरली. भिंती मात्र आपले काम चोख करीत राहिल्या.

८/ आता दुसरी बाजू. अनुदान मिळाले, पण जुन्या घरांच्या बंद भिंतींत थर भरायचा कसा? यावर युरिया-फॉर्मल्डिहाइड फोमचा उपाय पुढे आला. भिंतीला भोके पाडायची, जागेवरच तयार केलेला फेस नळीने आत सोडायचा आणि तो घट्ट होऊ द्यायचा. तोडफोड नाही, वेळही थोडा. सुमारे एक लाख घरांत तो भरला गेला.

९/ या फेसातून फॉर्मल्डिहाइड वायू सुटू शकत होता. मिश्रण चुकले की त्याचे प्रमाण वाढे. डोळे चुरचुरणे, घसा खवखवणे अशा तक्रारी येऊ लागल्या. डिसेंबर १९८० मध्ये कॅनडाने या फोमवर बंदी घातली. पुढे मोजणीत असे दिसले की बहुतेक घरांतील वायूचे प्रमाण काळाबरोबर इतर घरांइतकेच उरले होते. पण तोवर त्या घरांच्या किमती कोसळल्या होत्या. बंदीचा शिक्का घरांवरून पुसला जायला फार काळ लागला.

१०/ धोका घरापुरताच असतो असेही नाही. पॉलियुरेथेनसारखे फोम फुगवण्यासाठी पूर्वी सीएफसी वायू वापरत. हे वायू ओझोन थराला घातक असल्याचा इशारा मोलिना आणि रोलंड यांनी १९७४ सालीच दिला होता. १९८७ च्या माँट्रियल करारानंतर ते टप्प्याटप्प्याने बंद झाले. तरीही २०१८ साली सीएफसी-११ च्या उत्सर्जनात अनपेक्षित वाढ आढळली आणि तिचा मोठा वाटा पूर्व चीनकडे निर्देश करीत होता. संशयाची सुई पुन्हा फोमकडेच वळली.

११/ आणि आग? १४ जून २०१७ रोजी लंडनच्या ग्रेनफेल टॉवरमध्ये ७२ जण मृत्युमुखी पडले. इमारत अधिक उबदार व्हावी म्हणून काही काळापूर्वीच तिला नवे बाह्य आवरण चढवले होते. आग पसरण्याचे मुख्य कारण त्या आवरणातील पॉलिइथिलीनचा गाभा होता, असे चौकशीत निष्पन्न झाले. आतला ज्वलनशील फोमही तिला हातभार लावणारा ठरला.

१२/ म्हणून उष्णतारोधन टाळावे का? मुळीच नाही. १९९१ साली जर्मनीतील डार्मस्टाट येथे वोल्फगांग फाइस्ट यांच्या पुढाकाराने पहिले ‘पॅसिव्ह हाउस’ नांदते झाले. जाड थर, हवाबंद बांधणी, उष्णता परत मिळवणारे वायुवीजन ही रेजायनाचीच तत्त्वे तेथे आहेत. आज ती जगभर वापरली जातात.

१३/ आपल्याकडे शत्रू थंडी नसून ऊन आहे, आणि ते सर्वाधिक छतातून आत येते. मराठवाड्यातील माळवदाच्या घरांवर लाकडी तुळयांवर पांढऱ्या मातीचा जाड थर असे. दुपारचे ऊन खोलीत पोहोचेपर्यंत रात्र होई. कोकणात कौले आणि पोटमाळा यांमधील हवा हेच काम करी. उघड्या काँक्रीटच्या स्लॅबने हे दोन्ही गमावले.

१४/ २०१८ च्या ‘इको निवास संहिते’ने निवासी छतासाठी उष्णतावहनाची मर्यादा प्रति चौरस मीटर, प्रति अंश १.२ वॅट ठेवली आहे. नुसता स्लॅब ती गाठू शकत नाही. त्यावर रोधक थर हवाच. निवड करायची वेळ आता आपल्यावर आली आहे.

१५/ ती करताना पदार्थ किती उष्णता अडवतो, एवढेच विचारून थांबू नये. तो बनवणाऱ्याच्या आणि बसवणाऱ्याच्या फुफ्फुसात काय जाते? घरात कोणता वायू सुटतो? तो फुगवायला काय वापरले? आग लागल्यास काय होईल? ओल धरली तर? यांतील बहुतेक प्रश्न कोणी ना कोणी जिवाची किंवा घराची किंमत मोजल्यावरच विचारले गेले.

तुमच्या आजोळच्या घराचे छप्पर कशाचे होते? खाली जरूर लिहा.

#थ्रेड_समाप्त