गूळभेंडी कुठं गेली?

परवा चौकात चहा घेताना एका तरुण मित्रानं विचारलं, "भाऊ, गूळभेंडी म्हणजे भेंडीचीच जात ना?" आधी हसू आलं, मग वाईट वाटलं. (आपली टेंभुर्णी जाफराबाद तालुक्यातली, सोलापूरची नव्हे. तिकडं ज्वारी अजून टिकून आहे.)

गूळभेंडी ही हुरड्याची ज्वारी. दाणा दुधातून चिकात जातो तेव्हा त्यात साखर असते. काही दिवसांतच तिचं पिष्ट होतं आणि गोडी जाते. तेवढ्या मुदतीत कणीस आगटीत भाजायचं नि गरम असतानाच तळहातावर चोळायचं. हिचा दाणा चटकन सुटतो, तूस दातात येत नाही. मालदांडीचाही हुरडा होतो, पण ती मुळात भाकरीची. गूळभेंडी आधी गोड, मग दुधाळ, शेवटी जिभेवर गोवरीचा धूर. सोबत लसणाची चटणी पाहिजेच.

पोळा-गणपती उरकले की भारी काळ्या रानात तिफण चालायची. वरचं पाणी नाही. पावसाळ्यात जमिनीनं धरलेल्या ओलीवर पीक यायचं. कोळपण्या दिल्या की भेगा बुजायच्या, ओल टिकायची. बांधाकडेला करडई, म्हणजे काट्यांमुळं जनावर आत शिरत नाही. गूळभेंडी मात्र रानाच्या मधोमध, घरापुरती चार-सहा तासं. रस्त्याकडेला पेरली तर येणारे-जाणारेच संपवायचे! बियाण्याची कणसं काढणीआधीच निवडून आढ्याला टांगलेली असायची.

आता दोष कुणाचा? सगळे हायब्रीडकडं बोट दाखवतात. 1964 साली देशातली पहिली संकरित ज्वारी सीएसएच-1 आली. त्याच वर्षी आपल्या जालन्यात बद्रीनारायण बारवाले यांनी महिको सुरू केली. पुढं 1998 मध्ये त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. 1972 च्या दुष्काळात परदेशी मिलो खाल्लेल्या पिढीला विचारा, घरची ज्वारी, मग ती कुठलीही असो, काय वाटायची ते. हायब्रीडची भाकरी बेचव, परतीच्या पावसात कणीस काळं पडायचं, हे खरं. पण ते खरिपाचं पीक. रब्बीत 1930 च्या दशकात मोहोळला निवडलेली मालदांडीच राहिली आणि तिच्या आडोशाला गूळभेंडीही राहिली.

माझ्या मते गूळभेंडी गेली ती रब्बी ज्वारीच उठल्यानं. विहिरीला पाणी आलं तिथं गहू, हरभरा, मका. 2002 नंतर बीटी कपाशी वाढली. ती रानात उभी असताना ज्वारी पेरायची कुठं? बैल कमी झाले, कडब्याची गरज संपली. त्यात पाखरं. सगळं शिवार ज्वारीचं होतं तेव्हा नुकसान वाटलं जायचं. आता एकट्यानं पेरली की सगळ्या गावची पाखरं त्याच्याच रानात. हिशेबानं पाहिलं तर शेतकरी चुकला असं म्हणवत नाही.

इक्वेडोरात कोकोचं असंच झालं. तिथला फुलांच्या वासाचा 'नॅसिओनाल' कोको रोगांनी मोडला. मग 1960 च्या दशकात भरपूर पिकणारा सीसीएन-51 हा संकर तयार झाला आणि पुढं पसरला. आज चांगलं चॉकलेट करणारे जुनी झाडं शोधत फिरतात, जास्त भाव देतात. आपल्याकडंही हुरडा पार्टीला माणशी पैसे मोजतात, पण कणीस कुठल्या जातीचं, हे विचारणारा विरळाच.

विद्यापीठांनी हुरड्यासाठी वाण काढलेत: राहुरीचा फुले मधुर, परभणीचा परभणी वसंत. चांगले आहेत, जरूर पेरा. पण ते गूळभेंडी नव्हेत. बियाण्यांची राजधानी म्हणवणाऱ्या जिल्ह्यात आपल्या शिवारातलं हे बी दुकानात मागून बघा.

आमच्या ओळखीच्या एका आजोबांकडं आढ्याला अजून थोडी कणसं आहेत. ते विकत नाहीत. मूठभर न्या, येत्या रब्बीत पेरा आणि पुढच्या वर्षी दोन मुठी परत द्या, एवढीच अट. शक्यतो शेजारच्या दोघा-तिघांनी मिळून न्या, म्हणजे पाखरं वाटून घेता येतील. ज्यांना हवं त्यांनी मला इनबॉक्स करा. कुणाच्या घरी जुनं बी निघालं तर तेही कळवा.