रंगीत काचेमागचे हात

पुण्याहून नगरकडे निघाले की घोडनदीच्या अलीकडे शिरूर लागते. आसपासच्या खेड्यांतली माणसे या गावाला नुसते ‘घोडनदी’ म्हणूनच ओळखतात. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी येथे इंग्रजांची मोठी छावणी होती. ३१ डिसेंबर १८१७ च्या रात्री कोरेगावच्या रोखाने जी फौज निघाली ती या शिरूरहूनच. तिच्यात नव्याने उभारलेल्या घोडदळाचे दख्खनी स्वारही होते. हेच घोडदळ पुढे ‘पूना हॉर्स’ या नावाने प्रसिद्धीस आले. बराच काळ त्याचे ठाणे शिरूरला होते. १८३९ ते १८४२ च्या पहिल्या अफगाण युद्धात आणि १८४३ सालच्या सिंधमधील लढायांत हे स्वार लढले.

आता आपण म्हणाल, विषय रंगीत काचेचा, आणि हे घोडेस्वार मध्येच कुठून आले? पण संबंध आहे. त्या युद्धांत जे मेले त्यांच्या स्मरणार्थ मुंबईला कुलाब्याच्या टोकाकडे एक देऊळ, म्हणजे ख्रिस्ती प्रार्थनामंदिर, बांधले गेले. लोक त्याला ‘अफगाण चर्च’ म्हणतात. १८४७ साली त्याचा पाया घातला, १८५८ साली ते उपासनेसाठी खुले झाले आणि त्याचा उंच मनोरा १८६५ साली पुरा झाला. या चर्चच्या पूर्वेच्या आणि पश्चिमेच्या अंगांना रंगीत काचेच्या मोठ्या खिडक्या आहेत. बाहेरून पाहाल तर काळपट, मळकट दिसतील. आत जाऊन उजेडाकडे तोंड केले की निळा, तांबडा, हिरवा, सोनेरी रंग असा काही पेटतो की माणूस क्षणभर बोलायचे विसरतो. चित्र कागदावरचे असेल तर उजेड त्याच्यावर पडतो; येथे उजेड चित्रातूनच आपल्याकडे येतो. सारा फरक एवढाच आहे.

या खिडक्या ज्याच्या कारखान्यातून आल्या त्याचे नाव विल्यम वेल्स. १८०८ साली इंग्लंडच्या उत्तरेकडील न्यूकॅसल गावी त्याचा जन्म झाला. हे गाव बाटल्या आणि खिडक्यांच्या साध्या काचा करण्याबद्दल नावाजलेले. वेल्स हा मूळचा वाणसामान आणि चहा विकणारा दुकानदार. पण चित्रकलेचा नाद. त्याने घराच्या परसात एक लहानशी भट्टी घातली, मुलाम्याच्या रंगीत वस्तू भाजून काढू लागला आणि त्या दुकानातच विकू लागला. १८३८ साली त्याने रंगीत खिडक्यांचा कारखाना काढला, आणि १८४१ पासून काचही तो स्वतः तयार करू लागला. पुजिन नावाचा त्या काळचा मोठा वास्तुशिल्पी १८४२ साली त्याच्याकडे आला. हा गिऱ्हाईक म्हणून फार चिकित्सक. तीन वर्षे दोघांचे जमले, मग पुजिनने आपले काम दुसरीकडे नेले. पण तोवर वेल्सचे नाव झाले होते. १८५१ सालच्या लंडनच्या महाप्रदर्शनात त्याचे काम मांडलेले होते, आणि त्याच सुमारास त्याच्या कारखान्यात ७६ माणसे राबत होती.

हा ७६ चा आकडा मला फार बोलका वाटतो. खिडकीचा कलावंत म्हटला की डोळ्यांपुढे एकच माणूस येतो, हातात कुंचला धरलेला. प्रत्यक्षात ही कला एकट्याची नव्हे. एक खिडकी कशी तयार होते ते पाहिले म्हणजे हे ध्यानात येईल.

प्रथम एक लहान आराखडा. तो पसंत पडला की खिडकीच्या नेमक्या मापाचे मोठे चित्र कागदावर काढतात. कुठला तुकडा कुठल्या रंगाचा आणि दोन तुकड्यांमधून शिशाची पट्टी कुठून जाणार, हे त्या कागदावर ठरते. काच जाईल तिथे तोडता येत नाही. तिच्या कलाने घ्यावे लागते. म्हणून चित्र काढणाऱ्याला कापणाऱ्याच्या अडचणी माहीत असाव्या लागतात. मग काच निवडायची. हा रंग काचेवर फासलेला नसतो, तो काच वितळलेली असतानाच तिच्यात घातलेला असतो. कोबाल्टने निळा, मँगनीजने जांभळा, तांब्याने हिरवा किंवा तांबडा. आपल्या बायाबापड्यांच्या हातातल्या काचेच्या बांगडीचा रंग जसा वर्षानुवर्षे विटत नाही, तसेच हे.

त्यानंतर कापणारा येतो. पूर्वी तापलेल्या लोखंडाने काचेला तडा पाडून ती तोडत आणि कडा चिमट्याने कुरतडून नीट करीत. पुढे हिऱ्याची आणि नंतर पोलादी चाकाची कलमे आली. तुकडे तयार झाले म्हणजे चेहरा, बोटे, वस्त्रांच्या चुण्या रंगवणाऱ्याचे काम. तो लोखंडाची किंवा तांब्याची भस्मे आणि बारीक वाटलेली काच यांचा काळपट रंग वापरतो. तुकडे भट्टीत सुमारे साडेसहाशे अंश सेल्सिअसपर्यंत तापले की तो रंग काचेशी एकजीव होतो. आच कमी पडली तर काही वर्षांनी रंग झडतो, जास्त झाली तर तुकडा वाकतो. चांदीच्या क्षाराचा लेप देऊन भाजले की पांढरी काच पिवळी होते; संतांच्या डोक्यामागचे तेजोवलय पुष्कळदा अशा रीतीनेच केलेले असते.

शेवटी जुळणी. आपल्या घरची आजी गोधडी शिवते तेव्हा चिंध्यांचे तुकडे दोऱ्याने जोडते. येथे दोऱ्याच्या जागी शिशाच्या पट्ट्या असतात. पट्टीला दोन्ही अंगांना खाच असते आणि तिच्यात काचेच्या कडा बसतात. जिथे पट्ट्या मिळतात तिथे कथील आणि शिसे यांचा डाख देतात. मग खडूची पूड आणि जवसाचे तेल यांची लांबी फटीत भरतात, म्हणजे पावसाचे पाणी आत येत नाही. जवस आपल्या शेतांतही पिकत आले आहे, तेव्हा हे तेल आपल्याला नवे नाही. एवढे सगळे झाल्यावर वाऱ्याने खिडकी फुगू नये म्हणून मागून लोखंडी गज बांधायचे. शिशाची धूळ पोटात गेली की विषबाधा होते. तेव्हा या कामात नुसते कौशल्य नव्हते, जिवाला धोकाही होता.

बाराव्या शतकाच्या आरंभी थिओफिलस नावाच्या एका साधूने या कलेची रीत लिहून ठेवली आहे. ती वाचली तर आजची रीत मुळात तीच आहे असे दिसते. पण म्हणून ती अखंड चालत आली असे समजू नका. सोळाव्या शतकानंतर युरोपात तिला उतरती कळा लागली. काचेच्या पोटात रंग भरण्याऐवजी काचेवर नुसती चित्रे रंगवू लागले आणि जुन्या काचेची खोली कुणाला साधेना. एकोणिसाव्या शतकात ती परत शोधावी लागली. चार्ल्स विन्स्टन नावाच्या एका वकिलाने जुन्या काचांचे रासायनिक पृथक्करण करवून घेतले आणि त्यावरून १८५० नंतर जुन्या धर्तीची काच पुन्हा तयार होऊ लागली. हरवलेली विद्या चिकाटीने परत मिळवता येते, हा यातला धडा.

वेल्सचे पुढे काय झाले? पैसा आला, त्याने गेट्सहेड येथे मोठी जागा घेऊन वाडा बांधला, बाग केली. पण व्यवहार अडचणीत आले आणि ती मालमत्ता त्याला नगरपालिकेला विकावी लागली. १८७६ साली तिथे लोकांसाठी बाग खुली झाली. आपल्याच विकलेल्या वाड्यात तो शेवटपर्यंत राहिला आणि १८८१ साली वारला.

आता आपल्याकडे वळू. १८७८ साली दौंड–मनमाड रेल्वे सुरू झाली आणि दौंड हे जंक्शन झाले. योगायोग बघा, त्याच साली मुंबईला विद्यापीठाचे ग्रंथालय आणि राजाबाई मनोरा पुरा झाला. प्रेमचंद रायचंद यांनी त्यासाठी देणगी दिली आणि मनोऱ्याला आपल्या आईचे नाव दिले. आराखडा करणारे गिल्बर्ट स्कॉट हिंदुस्थानात कधी आलेच नाहीत. या ग्रंथालयाच्या खिडक्यांतही रंगीत काचकाम आहे. त्याच १८७८ साली बोरीबंदरच्या भव्य स्टेशनाचे काम सुरू झाले. आजचे छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस ते हेच. दौंडहून मुंबईला गेलेल्या कितीतरी पिढ्या त्या स्टेशनात उतरल्या. तिथल्या रंगीत काचांखालून त्या गेल्या, पण मान वर करून पाहणारे थोडे.

त्या स्टेशनाच्या दगडी कोरीवकामाला आणि लोखंडी जाळ्यांना सर जमशेटजी जीजीभाई कलाशाळेच्या विद्यार्थ्यांचा हात लागला. म्हणजे दगडाची विद्या आपल्या मुलांपर्यंत पोचली. वेल्सच्या खिडक्या मात्र तयार होऊन आल्या होत्या. तयार वस्तू आली की ती वापरता येते, पण फुटली तर करायचे काय? समुद्राचा खारा वारा, चार महिन्यांचा पाऊस, आणि वयाने थकलेले, वाकलेले शिसे. तुकडा निखळला की त्या जागी साधी काच किंवा पत्रा ठोकणे सोपे असते. पण त्याने पाऊस थांबतो, चित्र परत येत नाही.

काच करण्याची विद्या आपल्या लोकांनी घेतली ती निराळ्या वाटेने. अंताजी दामोदर काळे यांनी लोकांकडून दरसाल एकेक पैसा मागून ‘पैसा फंड’ उभा केला. त्यातून १९०८ साली आपल्याच पुणे जिल्ह्यात तळेगाव दाभाडे येथे काच कारखाना निघाला. तो कारखाना होता तशीच शाळाही होती. तिथे शिकून माणसे बाहेर पडली. १९१६ साली ओगले बंधूंनी कऱ्हाडजवळ कारखाना काढला आणि त्यांचा ‘प्रभाकर’ कंदील खेड्यापाड्यांतून लागला. या कारखान्यांनी रंगीत खिडक्या केल्या असे मी म्हणत नाही. पण भट्टीपुढे उभे राहून काचेशी झुंजणारा माणूस महाराष्ट्रात घडू लागला तो अशा जागी.

रंगीत खिडकीची दुरुस्ती करणारेही पुढे आपल्यात तयार झाले. २०१३ ते २०१५ या काळात राजाबाई मनोरा आणि ग्रंथालय यांचे जतनकाम झाले. तेव्हा तेथील रंगीत काचांचे काम स्वाती चांदगडकर यांनी केले. युनेस्कोच्या वारसा-जतन पुरस्कारांत २०१८ साली या वास्तूच्या कामाचा गौरव झाला. हे काम नवे करण्यापेक्षा अवघड असते. खिडकीचा एकेक भाग उतरवायचा, त्याचे छायाचित्र घ्यायचे, शिशाच्या रेषांचा ठसा कागदावर उतरवायचा, तुकड्यांना क्रमांक द्यायचे. मग जुने शिसे सोडवायचे आणि मळ काढायचा, पण मूळ रंगाला धक्का लावायचा नाही. फुटलेला तुकडा शक्यतो टाकायचा नाही, जोडायचा. आपल्या हाताची छाप दिसू द्यायची नाही, यातच या कामाची शर्थ.

शिक्षक बंधुभगिनींनो, मुलांची सहल मुंबईला न्याल तेव्हा या खिडक्या त्यांना आतून दाखवा, दिवसाउजेडी दाखवा. आधी रंग पाहू द्या, मग शिशाच्या काळ्या रेषा मोजायला सांगा. प्रत्येक रेष म्हणजे कुणीतरी दिलेला एक जोड. सहल जमली नाही तरी शाळेत काळा जाड कागद कापून त्यामागे रंगीत पतंगी कागद चिकटवा आणि वर्गाच्या खिडकीला लावा. उजेड चित्रातून कसा येतो ते मुलांना न सांगता कळेल.

आणि त्यांना आणखी एक गोष्ट सांगा. अफगाण चर्चच्या भिंतीवर पडलेल्या अधिकाऱ्यांची नावे कोरली आहेत. साध्या शिपायांची नावे तिथे नाहीत. ते संख्येने फार म्हणून लिहिली नाहीत, असे तिथला लेखच सांगतो. शिरूरच्या छावणीतून गेलेला जो स्वार परतला नाही, त्याचे नाव तिथे शोधून सापडायचे नाही. त्याच इमारतीतल्या खिडक्यांवर वेल्सचे नाव सांगतात, त्याच्या ७६ माणसांचे सांगत नाहीत. इतिहासाच्या तासाला आपण राजांची आणि सेनापतींची नावे पाठ करून घेतो, ते योग्यच आहे. पण ज्यांची नावे राहिली नाहीत त्यांचे काम राहिले आहे, आणि ते वाचायला मुलांना शिकवणे हेही इतिहासाच्या शिक्षकाचेच काम आहे.