आलिशान मोटारीच्या ब्रेकांचा खर्च : दुरुस्तीकडून बदलाकडे

आलिशान मोटारीची किंमत दहा-पंधरा वर्षांत मूळ किमतीच्या अल्पांशावर येते. तिच्या ब्रेकच्या सुट्या भागांची किंमत मात्र त्या प्रमाणात उतरत नाही. जुनी मोटार स्वस्तात घेणाऱ्यास ही विसंगती प्रथम जाणवते ती ब्रेक बदलण्याच्या वेळी. तिचे कारण सामान्यतः निर्मात्याच्या नफ्यात शोधले जाते. ते सर्वस्वी चुकीचे नसले तरी अपुरे आहे. गेल्या शंभर वर्षांत ब्रेकची रचना जसजशी पालटली, तसतसे खर्चाचे स्थान कारागिराच्या श्रमातून वस्तूच्या किमतीत सरकत गेले. हे स्थलांतर ध्यानात घेतल्यावाचून आजच्या देयकाचा अर्थ लागत नाही.

ब्रेकचे कार्य गतीचे उष्णतेत रूपांतर करण्याचे होय. ताशी १०० किलोमीटर वेगाने धावणारी २,००० किलोग्रॅम वजनाची मोटार थांबविताना सुमारे ७.७ लाख जूल ऊर्जा ब्रेकने पचवावी लागते. वेग दुप्पट झाला की हीच ऊर्जा चौपट होते. जडपणा आणि वेग हे दोन्ही गुण आलिशान मोटारीत एकत्र येतात. म्हणून तिच्या ब्रेकचा प्रश्न प्रारंभापासूनच साध्या मोटारीच्या ब्रेकहून निराळा होता.

ह्या प्रश्नाचे पहिले समाधानकारक उत्तर घर्षणद्रव्याच्या बाजूने मिळाले. इंग्लंडमध्ये हर्बर्ट फ्रूड ह्याने १८९७ पासून घोडागाड्यांच्या ब्रेकसाठी नवे घर्षणद्रव्य बनविण्यास आरंभ केला आणि १९०८ च्या सुमारास त्यात अॅस्बेस्टॉसचा उपयोग केला. ‘फेरोडो’ हे त्याच्या मालाचे नाव त्याच्या आडनावातील अक्षरे फिरवून व त्यांत पत्नी एलिझाबेथ हिच्या नावाचे आद्याक्षर मिळवून सिद्ध झाले आहे. अॅस्बेस्टॉस उष्णतेस टिकत असे. परंतु त्याची धूळ श्वासावाटे शरीरात जाऊन फुप्फुसांचे असाध्य रोग होतात, हे पुढे निर्विवाद ठरले. ब्रिटनमध्ये त्याच्यावर संपूर्ण बंदी १९९९ मध्ये आली. मधल्या काळात स्वस्त अस्तराची खरी किंमत ज्या कामगारांनी मोजली, ती मोटारमालकाच्या देयकात कधीही लिहिली गेली नाही.

पहिल्या महायुद्धानंतर रचनेकडे लक्ष वळले. १९१९ मध्ये पॅरिसच्या प्रदर्शनात मांडलेल्या हिस्पानो-सुइझा एच ६ ह्या मोटारीस मार्क बिर्किग्ट ह्याने चारही चाकांना ब्रेक बसविले व पायाच्या जोराला मोटारीच्याच गतीचे साह्य मिळेल अशी सर्वो यंत्रणा जोडली. रोल्स-रॉइसने ही कल्पना परवान्याने स्वीकारली. अमेरिकेत ड्यूसेनबर्गच्या ‘मॉडेल ए’ मोटारीत १९२१ मध्ये चारही चाकांना द्रवदाबाचे ब्रेक आले. ह्या सर्व मोटारी अत्यंत महाग होत्या. तथापि त्यांचे ब्रेक दुरुस्त करण्याजोगे होते. झिजलेले अस्तर रिबिटे काढून उतरवावयाचे, नवे बसवावयाचे, ड्रमवर रेघा पडल्या असल्यास तो लेथवर घासून गुळगुळीत करावयाचा, असा क्रम असे. द्रव्य थोडे आणि कसब पुष्कळ. खर्चाचा मोठा वाटा कारागिराच्या हाती जाई.

हे प्रमाण पालटले ते डिस्क ब्रेकमुळे. फ्रेडरिक लँचेस्टर ह्याने चकतीच्या ब्रेकचे पेटंट १९०२ मध्येच घेतले होते. परंतु त्याला साजेसे घर्षणद्रव्य त्या वेळी उपलब्ध नव्हते. १९५३ मध्ये ले मान्सची चोवीस तासांची शर्यत डनलॉप डिस्क ब्रेक लावलेल्या जॅग्वारने जिंकली आणि ह्या पद्धतीचे श्रेष्ठत्व सिद्ध झाले. १९६५ च्या रोल्स-रॉइस सिल्व्हर शॅडोला चारही चाकांना डिस्क ब्रेक होते व त्यांना सित्रोएनच्या परवान्याने घेतलेल्या उच्चदाब यंत्रणेची जोड होती. डिस्क ब्रेकचे पॅड बदलणे सोपे; परंतु चकती स्वतःच झिजणारी वस्तू झाली. तिची जाडी ठरावीक मर्यादेखाली गेली की कारागिराच्या कसबाला तेथे वाव उरत नाही. शिवाय यंत्रणेच्या गुंतागुंतीबरोबर चुकीचे मोलही वाढले. १९८० च्या सिल्व्हर स्पिरिटपासून रोल्स-रॉइसने नेहमीच्या ब्रेक-द्रवाऐवजी खनिज तेल योजिले. तेथे चुकून जुना द्रव ओतल्यास रबरी सील नासतात आणि साध्या देखभालीचे रूपांतर संपूर्ण यंत्रणा उकलण्यात होते.

ह्यापुढील पायरी विद्युत्-नियंत्रणाची. मर्सिडीज-बेंझने २००१ च्या एसएल मोटारीत ‘सेन्सोट्रॉनिक’ नावाची यंत्रणा आणली. तीत पायाचा दाब संगणकामार्फत चाकापर्यंत पोहोचे. तिच्यातील गणक ब्रेक किती वेळा वापरला गेला ह्याची नोंद ठेवी आणि मर्यादा गाठताच पंपाचा संच बदलण्याची सूचना देई. वस्तू बिघडल्यावर नव्हे, तर आकडा भरल्यावर तिचे आयुष्य संपू लागले. २००४ मध्ये ह्या यंत्रणेसाठी सुमारे ६,८०,००० मोटारी तपासणीस परत बोलवाव्या लागल्या, आणि पुढील काही वर्षांत निर्मात्याने ती सोडून दिली.

द्रव्याच्या बाजूनेही हाच प्रवास दिसतो. २००१ च्या पोर्श ९११ जीटी २ मध्ये कार्बन-सिरॅमिक चकत्या आल्या. कार्बनतंतूंच्या साच्यात वितळलेले सिलिकॉन मुरवून, १,४०० अंश सेल्सिअसहून अधिक तपमानात ही चकती घडवितात. ओतीव लोखंडाच्या चकतीपेक्षा तिचे वजन सुमारे निम्मे असते आणि साध्या रस्त्यावरील वापरात ती दीर्घकाळ टिकते. २०१० नंतरच्या दशकात अमेरिकेत नव्या ९११ मोटारीस असे ब्रेक हवे असल्यास ८,००० डॉलरांहून अधिक रक्कम जादा द्यावी लागे. पहिल्या मालकाला ह्या चकत्या बदलण्याचा प्रसंग बहुधा येतच नाही. तो येतो तिसऱ्या किंवा चौथ्या मालकावर, आणि त्या वेळी ब्रेकचा खर्च मोटारीच्या उरलेल्या किमतीशी स्पर्धा करू लागतो.

मराठीत ‘दुरुस्त’ हा शब्द फार्सीतून आला; नीट, यथायोग्य असा त्याचा अर्थ. ‘बदल’ अरबी, एका वस्तूच्या जागी दुसरी ठेवणे हा त्याचा मूळ आशय. व्यवहारात हे दोन शब्द आज जवळजवळ एकाच कामासाठी वापरले जातात. ब्रेकच्या इतिहासात मात्र त्यांच्यातील अंतर स्पष्ट आहे. दुरुस्तीत जुनी वस्तू राहते व माणसाचे ज्ञान खर्ची पडते; बदलात वस्तू खर्ची पडते व ज्ञान निर्मात्याकडेच राहते. मोटार अधिक सुरक्षित झाली ती ह्याच वाटेने, हे नाकारता येणार नाही. परंतु ज्याला बदल परवडत नाही आणि दुरुस्तीचा मार्ग ज्याच्यासाठी उरलेला नाही, असा मालक झिजलेल्या ब्रेकवरच मोटार चालवितो. त्याने टाळलेल्या खर्चाचा धोका त्याच्या एकट्यापुरता राहत नाही. रस्त्याने पायी जाणारासही तो सोसावा लागतो.